सोळा गाण्यांचा हिशेब

1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आम्ही दुपारपासून उभे होतो. पायांना गोळे आले होते, दादाच्या काळ्या टी-शर्टवर धुळीचा थर बसला होता आणि जिकडे बघावं तिकडे तसेच काळे टी-शर्ट. अंधार पडला, ध्वनिक्षेपकांवर यूएफओ या जुन्या ब्रिटिश बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं आणि गर्दीतून एकदम आरोळी उठली. आयर्न मेडनच्या चाहत्यांना या गाण्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. तिसरी घंटा झाली, आता पडदा वर जाणार.

मग चर्चिल यांचं 1940 सालचं भाषण, आणि त्याचा शेवटचा शब्द विरतो न विरतो तोच 'एसेस हाय'. ब्रिटनच्या आकाशातल्या हवाई युद्धाचं हे गाणं सुरू झालं की विचार करायला उसंतच मिळत नाही. त्या रात्रीचं मोठेपण मला नंतर, घरी आल्यावर कळलं. 'समव्हेअर बॅक इन टाइम' या त्यांच्या विश्वदौऱ्याची ती पहिली रात्र होती. गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः परवानाधारक वैमानिक. बँड, कामगार आणि सगळं सामान पोटात घेतलेलं बोइंग 757 चालवत तो या दौऱ्यावर निघाला होता आणि त्याचा पहिला मुक्काम होता मुंबई. म्हणजे त्या रात्री कुठलं गाणं कितव्या क्रमांकावर येणार, हे जगातल्या एकाही श्रोत्याला माहीत नव्हतं. टोकियोतल्या, टोरंटोतल्या, साओ पावलोतल्या लोकांना ते आमच्यानंतर कळलं.

आठवं गाणं सुरू झालं तेव्हा दादानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ दिसत होता. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कोलरिज यांची 1798 साली प्रसिद्ध झालेली दीर्घ कविता बँडचा बेस वादक स्टीव्ह हॅरिस यानं 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममध्ये गाण्यात बांधली. अल्बाट्रॉस पक्ष्याला मारणारा खलाशी, त्या पापानं समुद्रात अडकून पडलेलं जहाज, तहानेनं मरणारे सोबती. 1980 च्या दशकानंतर हे गाणं मंचावर आलंच नव्हतं. गाण्याच्या मध्यावर ड्रम आणि गिटारी जवळजवळ थांबतात. उरतो तो बेसचा एकटा सूर, लाकूड करकरल्याचा आवाज आणि कवितेच्या ओळी वाचणारा एक खर्जातला आवाज. एवढ्या मोठ्या मैदानावर त्या दोनेक मिनिटांत कुणी ओरडलं नाही. वारा नसलेल्या समुद्रावर जहाज उभं आहे, हे ज्यांनी कविता कधी वाचली नव्हती त्यांनाही समजत होतं.

साडेतेरा मिनिटांहून मोठं हे गाणं ज्यानं सोळा गाण्यांच्या बरोबर मध्यावर ठेवलं, त्याच्या डोक्यात काय होतं, हा प्रश्न त्या रात्रीपासून मला सोडत नाही. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. मेडनच्या प्रत्येक दौऱ्याची सेटलिस्ट तिच्यात उतरवते, कडेला मिनिटं लिहिते आणि खाली, निराळ्या शाईनं, जी गाणी वगळली ती लिहिते. आता वाटतं, निराळ्या शाईतला मजकूरच जास्त बोलका आहे.

सेटलिस्ट म्हणजे मैफलीत कोणती गाणी, कोणत्या क्रमानं वाजवायची त्याची यादी. मंचावर वादकांच्या पायाशी एक कागद चिकटवलेला असतो, तो. रॉक मैफल संपल्यावर हा कागद मिळवण्यासाठी पुढच्या रांगेतली माणसं जिवाचं रान करतात. मेडनच्या बाबतीत हा कागद तयार करणं किती कठीण आहे ते आकड्यांतून दिसतं. 1975 च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हॅरिसनं बँड उभा केला. 1980 ते 2021 या काळात त्यांचे 17 स्टुडिओ अल्बम आले. त्यांत दीडशेहून जास्त गाणी आहेत. मैफल चालते साधारण दोन तास आणि त्यात बसतात पंधरा ते सतरा गाणी. म्हणजे प्रत्येक रात्री दर दहांतली नऊ गाणी घरी ठेवून यायचं.

त्यात ही गाणी आखूड नाहीत. 'रन टू द हिल्स' चार मिनिटांना थोडंसं कमी, 'द ट्रूपर' चार मिनिटांना थोडंसं जास्त आणि 'वेस्टेड इयर्स' पाच मिनिटांचं. लोकांच्या तोंडी असलेली ही तिन्ही गाणी एकापाठोपाठ एक वाजवली तरी एका 'राइम'एवढा वेळ होत नाही. 'राइम' घ्यायचं तर कुणाची तरी तीन लाडकी गाणी जातात, असा हा सरळ व्यवहार आहे. 2008 मध्ये ती तिन्हीही होती, कारण जागा दुसरीकडून काढली होती. कुठून? नव्या गाण्यांतून. त्या दौऱ्यात 1992 नंतरचं एकही गाणं नव्हतं.

आपल्याकडे मैफलीचा क्रम कलाकाराच्या मनात असतो आणि तो बसल्या जागी बदलू शकतो. श्रोत्यांतून फर्माईश येते, वेळ पाहून राग बदलतो, दाद कशी मिळते त्यावर ठुमरी घ्यायची की नाट्यगीत हे ठरतं आणि भैरवी झाली की माणसं चपला शोधू लागतात. मेडनच्या मैफलीत फर्माईशीला जागा नाही. मुंबईत जो क्रम वाजला तोच पुढे मेक्सिकोत आणि तोच ब्राझीलमध्ये, एखाद-दुसऱ्या फरकानं. याच दौऱ्यावर 'फ्लाइट 666' हा चित्रपट निघाला. त्याच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे. सुरुवातीचं 'एसेस हाय' आपल्या मुंबईचं, त्यानंतरचं मेलबर्नचं, मग सिडनीचं, टोकियोचं. सोळा शहरांतली सोळा गाणी ओळीनं लावली तर एक अखंड मैफल तयार होते. क्रम कायम असल्यामुळेच हे जमलं. तो अल्बम लावला की पहिल्याच गाण्याला ऐकू येणाऱ्या गर्दीत कुठंतरी आम्ही दोघं आहोत.

क्रम बदलायचा नाही, यामागे कारणं आहेत. मेडनची मैफल म्हणजे अर्धं नाटक. अनेक वर्षं प्रत्येक गाण्यामागे त्याचा स्वतःचा रंगवलेला पडदा असे. एक गाणं संपून दुसरं सुरू होताना मागचं जग बदलायचं. बँडचं बोधचिन्ह म्हणजे एडी नावाचा सांगाड्यासारखा प्राणी. तो ठरलेल्या गाण्यात मंचावर चालत येतो आणि 'आयर्न मेडन' या गाण्याला त्याचं अजस्र रूप ड्रमच्या मागून वर येतं. ज्वाळा, प्रकाश, गायकाचे वेशबदल, सगळं गाण्याच्या अमुक ओळीला अमुक क्षणी बांधलेलं. एक गाणं हललं तर दहा माणसांचं काम हलतं. संगीत नाटकातलं पद आवडलं नाही म्हणून तिसऱ्या अंकातला प्रवेश पहिल्यात घेता येत नाही, तसंच हे.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे मेटालिका. ते पूर्वीपासून रात्रीगणिक काही गाणी बदलतात. 2014 मध्ये त्यांनी एक दौराच असा केला की तिकीट काढणाऱ्यांनी मत देऊन यादी ठरवायची. 2023 पासूनच्या त्यांच्या दौऱ्यात बहुतेक शहरांत दोन रात्री असतात आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री वाजत नाही. ही उदारता मला मनापासून आवडते. पण मतांनी ठरलेली यादी ऐकताना मला एक उणीव जाणवते. सगळ्यांची आवडती गाणी एकत्र आली म्हणजे त्यांची मैफल होतेच असं नाही. जेवणावळीत प्रत्येकाला विचारून पदार्थ केले तर पानात चार गोड पदार्थ येतील आणि आमटी राहून जाईल.

मेडनच्या यादीत आमटी असते. ती कुठं वाढायची हे ठरवताना सगळ्यात आधी बघावा लागतो गळा. डिकिन्सनचा आवाज उंच पट्टीतला. 1982 मध्ये 'द नंबर ऑफ द बीस्ट' या अल्बममधून मेडनमध्ये तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हापासून त्यानं स्वतःसाठी जी उंची ठरवून ठेवली, तीच त्याला आजही रोज रात्री गाठावी लागते. दोन वेगवान गाणी झाली की तिसरं-चौथं गाणं जरा श्वास देणारं हवं. 2008 मध्ये त्या जागी 'रेव्हलेशन्स' होतं, थांबत थांबत पुढं जाणारं. दीर्घ गाण्यांमध्ये गिटारींचे लांब भाग येतात आणि गायकाला पाणी प्यायला, पडद्यामागे जायला वेळ मिळतो. 'राइम' मध्यावर का, याचं अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं उत्तर श्रोत्यांच्या पायांत आहे. सात गाणी उड्या मारून झालेल्या माणसाला तेव्हा स्थिर उभं राहून ऐकायचं असतं.

'एसेस हाय'चा प्रवास वहीत बघताना मला गळ्याची ही गोष्ट फार जवळून दिसते. हे गाणं गायला अतिशय कठीण आहे. सुरांच्या शिड्या चढत राहतात आणि उतरायला पायरीच नाही. 2008 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये ते पहिलं होतं. गळा अजून तापलेला नाही आणि समोर थेट कडा. 2022 मध्ये ते अगदी शेवटी गेलं आणि 2025 मध्ये शेवटून तिसरं आलं. डिकिन्सनचा जन्म 1958 चा. जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगातून तो 2015 मध्ये बरा झाला. त्यानंतर साठी ओलांडलेला हा माणूस दोन तास गाऊन झाल्यावर हे गाणं घेतो, तेव्हा मला ती फार मोठी गोष्ट वाटते. सुरुवातीला ते गाणं आव्हान होतं, शेवटी आल्यावर ते साक्ष झालं. सूर तेच, जागा बदलली आणि अर्थ बदलला.

मुख्य भाग संपल्यावर बँड आत जातो, लोक हाका मारतात आणि बँड परत येऊन आणखी तीन-चार गाणी वाजवतो. संगीत नाटकाच्या काळात आपल्याकडे 'वन्स मोअर' मिळाला की तेच पद पुन्हा म्हणावं लागे आणि तो मिळेलच याची खात्री नसे. इथली पुढची गाणी कागदावर आधीच लिहिलेली असतात. हे माहीत असूनही माणसं जीव तोडून हाका मारतात, मीही मारल्या आहेत. त्या रात्री अंधारातून 'मूनचाइल्ड' आलं, मग 'द क्लेअरव्हॉयंट' आणि शेवटी 'हॅलोड बी दाय नेम', फाशीच्या सकाळी कोठडीत बसलेल्या माणसाचं मनोगत. ते संपलं आणि मैदानावर दिवे लागले.

आता त्या गाण्यांकडे येते ज्यांना यादीतून कुणी हलवू शकत नाही. पहिलं 'आयर्न मेडन'. बँडचंच नाव असलेलं, पहिल्या अल्बममधलं, एडीच्या आगमनाचं. ते गेलं तर उत्सवातून मूर्तीच गेली. दुसरं 'फिअर ऑफ द डार्क', 1992 चं. 2008 चा दौरा 1980 च्या दशकातल्या गाण्यांचा म्हणून गाजवला होता, तरी दशकाबाहेरचं हे गाणं त्यात होतं. कारण अगदी साधं. या गाण्याच्या सुरुवातीला शब्द नाहीत, गिटारीची धून आहे, आणि ती धून लोक गातात. हजारो माणसं गिटारीबरोबर सूर लावतात तेव्हा इंग्रजी येणं न येणं याला अर्थ उरत नाही. वांद्र्यात माझ्या शेजारचा कॉलेजचा मुलगा डोळे मिटून गात होता आणि मला त्याचा सूर बँडपेक्षा मोठ्यानं ऐकू येत होता. दादाचं मत मात्र वेगळं आहे. तो म्हणतो, सात मिनिटं आहेत ती, एक रात्र तरी ती दुसऱ्या गाण्याला द्या. इतकी वर्षं आम्ही यावर भांडतोय आणि वही उघडून बघताना अलीकडे मला त्याचं म्हणणं थोडं पटू लागलं आहे.

याउलट 'ब्रिंग युअर डॉटर... टू द स्लॉटर'. 1991 च्या सुरुवातीला ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे मेडनचं एकमेव गाणं. कुठल्याही दुसऱ्या बँडनं ते मरेपर्यंत रोज वाजवलं असतं. मेडननं गेल्या दोन दशकांत ते जवळपास बासनातच ठेवलं आहे. खपाचा आकडा आणि मंचावरची जागा यांचा संबंध लावायचा नाही, हे या बँडनं फार पूर्वी ठरवलेलं दिसतं आणि म्हणूनच त्यांच्या याद्या वाचाव्याशा वाटतात.

त्यांनी घेतलेला सगळ्यात धाडसी निर्णय 2006 चा. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा 72 मिनिटांचा अल्बम ऑगस्टमध्ये निघाला आणि ऑक्टोबरमध्ये दौरा सुरू झाला तेव्हा त्यांनी तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत अख्खा वाजवला. जुनी गाणी उरली फक्त पाच. युद्ध, धर्म, अणुबाँब यांवरची ही लांब, गंभीर गाणी. 'रन टू द हिल्स' नाही, 'द ट्रूपर' नाही. अनेक ठिकाणी लोक नाराज झाले आणि त्यांची नाराजी मला समजते. वर्षभर पैसे साठवून आलेल्या माणसाला ओळखीचं गाणं ऐकायचं असतं. तरीही मी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे. तीस वर्षं जुना बँड त्या दौऱ्यात सांगत होता की आम्ही अजून गाणी लिहितो, ती ऐका. ज्या बँडला स्वतःच्या नव्या गाण्यांवर इतका विश्वास नाही, त्याची जुनी गाणीही हळूहळू शोभेच्या वस्तू होतात.

भारताचा या निर्णयाशी थेट संबंध आहे. 17 मार्च 2007 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेडन भारतात पहिल्यांदा वाजले ते याच अल्बमच्या दौऱ्यात. तोपर्यंत त्यांनी नव्या गाण्यांची संख्या कमी करून जुन्यांना जागा दिली होती, कारण 'द नंबर ऑफ द बीस्ट'ला 25 वर्षं होत होती. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या आपल्या श्रोत्यांना पहिल्याच भेटीत ताजी गाणी ऐकायला मिळाली. मला बंगळूरला जाता आलं नाही. परीक्षा होती. दादा रेल्वेनं गेला, परत आला आणि आठवडाभर 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड' गुणगुणत होता, जुन्यांपैकी एकही नाही.

वगळलेल्या गाण्यांचं एक आख्खं पान ब्लेझ बेली याच्या काळाचं आहे. 1993 मध्ये डिकिन्सन बाहेर पडला आणि 1994 ते 1999 बेली गायक होता. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. त्यानं दोन अल्बम गायले. डिकिन्सनच्या उंचीवर रचलेली जुनी गाणी रोज रात्री गाताना त्याची फार ओढाताण झाली आणि त्याचा दोष लोकांनी त्याच्या पदरात टाकला. माझ्या मते हा यादीचा दोष होता. गळा बदलल्यावर क्रम आणि निवड दोन्ही मुळापासून बदलायला हवी होती. हार्मोनियमची काळी दोन गाणाऱ्या माणसाला काळी पाच देऊन वर म्हणायचं की हा बेसूर आहे, हे बरोबर नाही. 2018 च्या 'लेगसी ऑफ द बीस्ट' दौऱ्यात त्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन मोठी गाणी डिकिन्सननं गायली, आणि लोकांनी ती मनापासून उचलून धरली. त्याच दौऱ्यात 1980 च्या दशकानंतर पहिल्यांदाच 'फ्लाइट ऑफ इकारस' आलं. डिकिन्सनच्या दोन्ही हातांवर ज्वाळा फेकणारी यंत्रं बांधलेली, सूर्याकडे उडणाऱ्या मुलाची ग्रीक कथा. मेडनच्या इतिहासातले तीन वेगवेगळे कालखंड त्या यादीत एकमेकांशी बोलत होते.

पण माझ्या वहीतली सर्वांत सुंदर यादी 2023 ची. 28 मे, ल्युब्लियाना, स्लोव्हेनिया. 'द फ्यूचर पास्ट' दौऱ्याची पहिली रात्र. पंधरा गाणी. त्यांतली पाच 2021 च्या 'सेनजुत्सू'मधली, पाच 1986 च्या 'समव्हेअर इन टाइम'मधली आणि पाच बाकी सगळ्या आयुष्यातली. दोन अल्बम, मध्ये पस्तीस वर्षांचं अंतर आणि दोघांतही काळावरची गाणी. एकात काळात हरवलेला माणूस, दुसऱ्यात कालयंत्र. सुरुवात 'कॉट समव्हेअर इन टाइम'नं, आणि त्याआधी 'ब्लेड रनर' चित्रपटाचं व्हॅन्जेलिस यांचं संगीत. 'द नंबर ऑफ द बीस्ट' नाही. 'रन टू द हिल्स' नाही. 'हॅलोड' नाही. निराळ्या शाईतली ओळ इतकी लांबली की मला पान उलटावं लागलं.

आणि दहाव्या जागी 'अलेक्झांडर द ग्रेट'. मॅसेडोनियाच्या सिकंदरावरचं, साडेआठ मिनिटांचं हे गाणं 1986 मध्ये आलं आणि त्यानंतर 37 वर्षं एकदाही, कुठल्याही मंचावर वाजलं नाही. चाहत्यांच्या पिढ्या ते मागत राहिल्या. ते वाजलं त्या रात्रीचं चित्रण मी सकाळी चहा करताना फोनवर बघितलं. सुरुवातीचा वाऱ्याचा आवाज आला आणि समोरच्या रांगेत पन्नाशीचा एक माणूस दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता उभा राहिला. गात नव्हता, उडी मारत नव्हता. चहा उतू गेला आणि मी गॅस बंद करायला विसरले.

त्या दौऱ्यामागची आणखी एक गोष्ट काही महिन्यांनी उघड झाली. ड्रमवादक निको मॅकब्रेन याला त्याच जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला होता आणि उजव्या हातातली ताकद गेली होती. चार महिन्यांत तो मंचावर होता. 'द ट्रूपर'मधल्या काही वेगवान जागा आता पूर्वीसारख्या येत नाहीत, असं त्यानं स्वतःच सांगितलं. त्या यादीत मध्यम लयीची, रुंद पावलांची गाणी जास्त होती, आणि तीच तिचं सौंदर्य होती. 7 डिसेंबर 2024 ला साओ पावलोत तो अखेरचा वाजवून थांबला. 1982 च्या डिसेंबरपासूनची 42 वर्षं.

2025 मध्ये बँडची पन्नाशी साजरी करणारा 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा सुरू झाला. ड्रमवर सायमन डॉसन, मागे रंगवलेल्या पडद्यांच्या जागी प्रकाशाचा प्रचंड पडदा. घोषणा आधीच झाली होती की 1980 ते 1992 या काळातल्या पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी वाजणार. सतरा गाणी आणि त्यांतली पहिली चार थेट पहिल्या दोन अल्बममधली, लंडनच्या पबांतल्या दिवसांची: 'मर्डर्स इन द रू मॉर्ग', 'रॅथचाइल्ड', 'किलर्स', 'फँटम ऑफ द ऑपेरा'. अशी सुरुवात करायला छाती लागते. या गाण्यांचा मूळ गायक पॉल डिॲनो ऑक्टोबर 2024 मध्ये गेला. त्यानंतर सात महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ही चार गाणी ओळीनं वाजली. मला ती त्याला वाहिलेली फुलं वाटली.

तरीही या यादीवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. 1999 मध्ये डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परत आले, बँडमध्ये तीन गिटारी झाल्या आणि 2000 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासून दुसरं आयुष्य सुरू झालं. ते पुनर्मीलन झालं नसतं तर बंगळूर नाही, वांद्रे नाही, मी आणि दादा त्या धुळीत नाही. आमची ओळख झाली ती याच बँडशी. पन्नास वर्षांच्या उत्सवात त्या पंचवीस वर्षांतलं एकही गाणं नसावं? 'ब्लड ब्रदर्स' घ्यायचं होतं. सात मिनिटं. बाप गेल्यावर हॅरिसनं लिहिलेलं गाणं आहे ते, आणि हजारो माणसं खांद्यावर हात टाकून गातात. त्यासाठी मी 'टू मिनिट्स टू मिडनाइट' सोडायला तयार होते. सहा मिनिटं तिथं मिळाली असती, उरलेलं एक मिनिट कुठूनही काढलं असतं.

28 मेच्या सकाळी, बुडापेस्टची पहिली रात्र उलटून काही तास झाले असताना, पुण्याहून दादाचा फोन आला. त्याला याद्या आधी वाचायच्या नसतात. एखाद्या दौऱ्याला जायला मिळालं तर मुंबईसारखं, काही माहीत नसताना उभं राहायचं असतं.

"काही सांगू नकोस," तो म्हणाला. "एवढंच सांग, 'राइम' आहे?"

"आहे. नववं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग त्यासाठी काढलं काय?"

मी वही उघडली आणि निराळ्या शाईतलं त्याला वाचून दाखवू लागले.